पलंगाचं सीमोल्लंघन

या प्रकरणात कुणाला काय मिळणार होतं ते आधी मांडून ठेवलेलं बरं, म्हणजे शेवटी हुज्जत नको.

क्लॅरी वॉटरहाउसला मिळणार होतं अर्धं मेंढरू; कापून, पुड्या बांधून, लायल डन्स्टनच्या डीप फ्रीझरमधून थेट क्लॅरीच्या डीप फ्रीझरमध्ये. वर कीर्ती. लायलला मिळणार होतं सत्य, जी वस्तू माणूस नेमकी परवडत नसते तेव्हाच मागतो. आणि क्लॅरीची सहायक नोलीन टॅस्कर, हिला काहीच मिळणार नव्हतं. उलट जायचंच होतं. रविवारी क्लबाच्या हिरवळीवर लॉन बोल्सचा, म्हणजे जड चेंडू घरंगळवायच्या खेळाचा, जोड्यांचा अंतिम सामना होता, आणि त्यात नोलीनची जोडीदार होती ग्लेनिस डन्स्टन. म्हणजे लायलची बायको. म्हणजे आरोपी.

"आरोपी नाही, संशयित," क्लॅरीने दुरुस्ती केली. "आरोपी ती मी ठरवल्यावर होते."

क्लॅरीचं स्वतःबद्दलचं मत औषधाच्या दुकानातल्या सूचनाफलकावर कायम लावलेलं असे, हरवलेला पोपट आणि विकाऊ सर्फबोर्ड यांच्या मधोमध. 'सी. वॉटरहाउस, खाजगी गुप्तहेर. सरहद्दीचा ससाणा. तीक्ष्ण नजर, पोलादी बुद्धी, थडग्यासारखी गुप्तता. जगाला जे दिसत नाही ते याला दिसतं.' यातलं शेवटचं वाक्य नोलीनला अगदी मान्य होतं. जगाला न दिसणाऱ्या पुष्कळ गोष्टी क्लॅरीला दिसत. अडचण एवढीच की जगाला ज्या दिसत त्या दिसत नसत. नगरपालिकेत पार्किंग इन्स्पेक्टर असताना त्याने एकदा स्वतःच्याच गाडीला दंडाची चिठ्ठी लावली होती आणि वर 'मालक उद्धट दिसतो' असा शेरा मारला होता.

त्याचं ऑफिस कुलंगट्टात, सर्फबोर्ड दुरुस्त करणाऱ्या दुकानाच्या मागच्या खोलीत. तिथून एक रस्ता ओलांडला की ट्वीड हेड्स. रस्त्याच्या अलीकडे क्वीन्सलँड राज्य, पलीकडे न्यू साउथ वेल्स. उन्हाळ्यात पलीकडचे लोक घड्याळं तासभर पुढे करतात, अलीकडचे करत नाहीत. त्यामुळे या गावात कुणी उशिरा आलं तर त्याला रागवण्याआधी तो कुठल्या बाजूने आलाय ते विचारायची पद्धत आहे.

लायल डन्स्टन तासभर लवकर आला. म्हणजे त्याच्या मनगटावरच्या घड्याळाप्रमाणे अगदी वेळेवर. क्लॅरी येईपर्यंत तो टोपी हातात फिरवत बसला आणि नोलीनने दिलेल्या चहाकडे बघत राहिला. फावड्याएवढे पंजे, खांदे दाराएवढे. कायोगलच्या पलीकडे जन्मभर दुभत्या गाई राखल्या, गेल्या हिवाळ्यात त्या विकल्या आणि ग्लेनिसचा हात धरून समुद्राकाठी राहायला आला. एवढा मोठा माणूस इतका लहान होऊन बसलेला नोलीनने पाहिला नव्हता.

"क्लॅरी, गड्या," क्लॅरी आल्याआल्या तो म्हणाला, "ग्लेनिस मला सोडून चाललीय."

"मला माहीत होतं," क्लॅरी म्हणाला.

"कसं?"

"तुझ्या बुटांवरून."

लायलने आपले बूट पाहिले. नोलीननेही पाहिले. बुटांसारखे बूट होते.

मग सगळं बाहेर आलं. लायल परसात लिंबाच्या झाडाला पाणी घालत असताना ग्लेनिस खिडकीपाशी फोनवर बोलत होती. "आता रात्री त्याच्यापाशी काढवत नाहीत गं," असं ती म्हणाली. "रविवारची मॅच होऊ दे. मग सांगून टाकते." एवढंच त्याने ऐकलं, आणि पाण्याची नळी हातात तशीच राहून लिंबाच्या झाडाचं तळं झालं.

"'गं' म्हणाली," नोलीन म्हणाली. "म्हणजे पलीकडे बाई होती."

"किंवा," क्लॅरीने बोट वर केलं, "बाई असल्याचं सोंग घेतलेला पुरुष. शुक्रवारी क्लबात मटणाच्या सोडतीचे आकडे कोण पुकारतो? रेज. त्याचा आवाज कसा आहे? बारीक. झालं!"

"रेज ब्याऐंशीचा आहे, बॉस."

"अनुभवी," क्लॅरी गंभीरपणे म्हणाला.

लायलला रेजचं काही नव्हतं. त्याला ग्लेनिसच्या तोंडून ऐकायचं होतं, तेही तिला न कळता, रेकॉर्ड करून.

"लायल," नोलीन म्हणाली, "तू तिला सरळ विचारत का नाहीस?"

दोघे पुरुष तिच्याकडे असे बघू लागले, जणू तिने चारचौघांत काहीतरी अचकट सुचवलं होतं.

"विचारलं," लायल हळूच म्हणाला, "आणि ती हो म्हणाली, तर?"

 नोलीनने त्याच्या कपात गरम चहा ओतला आणि कायद्याकडे वळली, कारण तो तरी छापील होता. गुप्तहेराचा परवाना मिळवण्याच्या अभ्यासवर्गाला दोघं बसली होती. फरक इतकाच की नोलीनने धडे वाचले होते आणि क्लॅरीने नोलीनची वही.

"हे बघा. क्वीन्सलँडच्या बाजूला, आपण स्वतः त्या बोलण्यात असलो तर आपलं बोलणं आपण रेकॉर्ड केलेलं चालतं. ट्वीडच्या बाजूला मात्र बोलणाऱ्या सगळ्यांची संमती हवी. आणि आपण त्या बोलण्यात नसताना यंत्र ठेवून निघून जायचं, हा दोन्हीकडे गुन्हा. त्यामुळे रेकॉर्डर तिथे ठेवून इथे येऊन बसायचं असेल तर मी नाही. तुरुंगात बोल्स नसतं."

"लायल तिथेच असेल ना," क्लॅरी म्हणाला. "पलंगावर."

"झोपलेला!"

"नोलीन, नवरा झोपला तरी संसारात हजरच असतो. ती त्याच्याशेजारी बोलली म्हणजे त्याच्याशी बोलली. तो गप्प राहिला म्हणजे त्याने ऐकून घेतलं. निम्म्या जगातला नवराबायकोचा संवाद असाच चालतो. प्रश्न एकच: लायल, तुझा पलंग कुठल्या राज्यात आहे?"

हा प्रश्न इतर कुठल्या गावात वेडेपणाचा ठरला असता. पण डन्स्टनांचं घर रस्ता आखायच्या आधीचं होतं आणि दोन राज्यांची सरहद्द त्याच्या पोटातून जात होती. पुढच्या दारातून आत शिरायची, मधल्या बोळातून सरळ जायची, परसात लिंबाच्या झाडाखालून बाहेर पडायची. बोळाच्या एका अंगाला झोपायची खोली, दुसऱ्या अंगाला स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली.

"कुठली बाजू कुठली ते काय मला ठाऊक नाही," लायल म्हणाला. "घराचे कागद ग्लेनिस बघते. मी सोफा उचलला."

*

दुसऱ्या दिवशी ग्लेनिस सरावाला गेल्यावर तिघं घरात शिरली. ग्लेनिसला 'आज दात दुखतोय' असं सांगून नोलीनने सराव चुकवला होता, आणि आता तिच्या घरात उभं राहून तिला खरोखरच दात दुखल्यासारखं वाटत होतं. स्वयंपाकघरात ग्लेनिसने तिच्यासाठी बशीभर लॅमिंग्टन, म्हणजे चॉकलेट-खोबऱ्यात घोळवलेले केकचे तुकडे, काढून, झाकून ठेवले होते. वर चिठ्ठी: 'लायल, हे दुपारी नोलीनकडे पोचव. मऊ आहेत, दुखऱ्या दाताने खाता येतील.'

"बॉस, मी घरी जाते," नोलीन म्हणाली.

पण क्लॅरी आता बोळाच्या मधोमध उभा होता, एक पाय इकडे, एक पाय तिकडे, नाकपुड्या फुगवून. राज्यांचा वास येतो म्हणे. मग त्याने झोपायच्या खोलीत डोकं घातलं, बाहेर काढलं; स्वयंपाकघरात घातलं, बाहेर काढलं; आणि त्याच्या चेहऱ्यावर तो विजयी प्रकाश पसरला ज्याला नोलीन घाबरत असे.

"घड्याळं!" तो म्हणाला. "स्वयंपाकघरातलं बघा. आता झोपायच्या खोलीतलं बघा. तासभर पुढे! पुढचं घड्याळ कुणाचं? न्यू साउथ वेल्सचं. म्हणजे झोपायची खोली न्यू साउथ वेल्समध्ये, स्वयंपाकघर क्वीन्सलँडमध्ये. तिथे गुन्हा, इथे कायदा. मध्ये एक बोळ. मित्रहो, आपल्याला फक्त पलंग हलवायचा आहे."

"फक्त," नोलीन म्हणाली.

तो पलंग लायलच्या आजोबांनी देवदाराच्या ओंडक्यातून केला होता आणि बहुधा ओंडका फार कमी तासला होता. दारातून तो सरळ जाईना, आडवा जाईना. मग त्याला कुशीवर घेतला. लायलने डोकं धरलं, नोलीनने पाय धरले, आणि क्लॅरीने सूत्रं हातात धरली. "डावीकडे! म्हणजे माझ्या डावीकडे! हं, डोकं क्वीन्सलँडला पोचलं, पाय अजून न्यू साउथ वेल्समध्ये आहेत, ढकला!" त्या ढकलण्यात नोलीनच्या कमरेत काहीतरी 'कट्' म्हणालं. क्लॅरीला वाटलं पलंग मोडला, म्हणून त्याने लगबगीने येऊन पलंगाची चौकशी केली.

उशाच्या फळीवर ग्लेनिसचे बोल्समधले जुने चषक होते. त्यांतल्या सगळ्यात मोठ्या चषकात, आदल्या दिवशी ठरल्याप्रमाणे, क्लॅरीने रेकॉर्डर सोडला आणि वर झाकण ठेवलं. नोलीन कमरेवर हात ठेवून त्या चषकाकडे बघत होती. तो त्या दोघींनी मिळून जिंकला होता.

"कायद्याचं राहू द्या, बॉस," ती म्हणाली. "तुमच्या उशाला कुणी असं ठेवलं तर?"

"खुशाल ठेवा," क्लॅरी म्हणाला. "माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही. आणि जे आहे ते माझ्या तोंडून मरेपर्यंत बाहेर पडत नाही."

लायलने बायकोला सांगायचं ठरलं होतं की बाहेरच्या खोलीत समुद्राचं वारं छान येतं. त्या खोलीची एकच खिडकी पेट्रोल पंपाकडे उघडत असे, पण हे वेळेत कुणाच्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी लायलचा फोन आला. ग्लेनिस आली होती. तिने पलंग पाहिला. चषक पाहिले. "छान," म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

"छान!" क्लॅरी थरारला. "निष्पाप बाईने आकाशपाताळ एक केलं असतं. नोलीन, ही सराईत आहे."

*

सकाळी लायल रेकॉर्डर घेऊन आला. रात्रभर गाढ झोपलो, असं त्याने अभिमानाने सांगितलं. दुःखातसुद्धा झोपेला तो पक्का होता. क्लॅरीने खोलीचा पडदा ओढला, दार लावलं, आणि रेकॉर्डर टेबलावर ठेवून बटण दाबलं.

आधी काही नव्हतं. चादरीची सळसळ, ग्लेनिसचं "झोप आता", दिव्याचा खटका. आणि मग तो आवाज सुरू झाला.

त्याचं वर्णन करणं कठीण आहे. खालून कुठून तरी तो निघे, खडी भरलेल्या ट्रकसारखा चढ चढे, माथ्यावर गचके खाई, तिथे एक शिट्टी देई आणि पुन्हा खडीसकट खाली येई. टेबलावरची पेन्सिल हळूहळू कडेकडे सरकू लागली.

"करवत!" क्लॅरी कुजबुजला. "कुणीतरी जमीन कापतंय. भुयार! सरहद्दीखालून भुयार!"

"कशासाठी?"

"केळी! पूर्वी याच सरहद्दीवर फळं अडवायचे. जुनी टोळी पुन्हा जागी झालीय." त्याने पुन्हा कान लावला. "नाही, थांबा. होडीचं इंजिन. दोरी ओढतोय, पण चालू होत नाही. ती होडीने पळणार आहे!"

"बाहेरच्या खोलीतून?" नोलीनने विचारलं.

लायल मात्र पुढे वाकून ऐकत होता. "हा आवाज मी कुठेतरी ऐकलाय," तो म्हणाला. "आमच्या दूध थंड करायच्या टाकीची मोटर अशीच चालायची. झोपायच्या खोलीला लागूनच होती. रात्रभर. पण ती तर आम्ही गाईंबरोबर विकली."

"कुणाला?"

"कॉल प्रिडीला. शेजारच्या गोठ्यावाल्याला."

"म्हणजे," क्लॅरी उठून उभाच राहिला, "कॉल प्रिडी मोटर घेऊन रोज रात्री तुझ्या घरात येतो!"

नोलीनला तोवर सगळं कळून चुकलं होतं. तिचं लग्न झालं होतं आणि ती विधवा होती. तो आवाज ती ओळखत होती, आणि खरं सांगायचं तर अधूनमधून तिला त्याची आठवणही येई. तिने तोंड उघडलं.

"लायल, अरे तू घोर..."

"मी घोरत नाही," लायल म्हणाला.

"तुला कसं कळणार?"

"ग्लेनिस म्हणाली असती. सगळा संसार झाला, एकदासुद्धा म्हणाली नाही."

"ऐकलंस?" क्लॅरी म्हणाला. "साक्षीदार घोरण्याचा इन्कार करतो. मुद्दा निकाली."

तेवढ्यात आवाज थांबला. गचका नाही, शिट्टी नाही, काहीच नाही. टेबलावरची पेन्सिलसुद्धा थांबली. ती शांतता इतकी लांबली की बाहेर सर्फबोर्ड घासणाऱ्या पोराचं गाणं ऐकू येऊ लागलं. आणि मग त्या शांततेत ग्लेनिसचा आवाज आला, अगदी हळू, अगदी जवळून.

"चल ना. चल ना रे राजा. एकदा. माझ्यासाठी."

लायलचा चेहरा चुन्यासारखा झाला.

रेकॉर्डरमध्ये कुणीतरी दचकून मोठा श्वास घेतला, ट्रक पुन्हा सुरू झाला, आणि ग्लेनिस म्हणाली, "हं. शाब्बास."

"कोण आहे तो हरामखोर?" लायल गरजला. "माझ्या पलंगावर! माझ्या शेजारी! आणि मी तिथे झोपलेला असताना!"

"धीर धर," क्लॅरीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पुरुष मोठ्या बांध्याचा आहे. शेतकरी. वय साठ-पासष्ट. नाकाचं हाड कधीतरी मोडलेलं. असा माणूस तुझ्या ओळखीत आहे का?"

लायलने विचार करत आपलं मोडकं नाक खाजवलं. "नाही," तो म्हणाला.

दार वाजलं. क्लॅरीची बायको बेव आत आली, हातात गरम मीट पायची, म्हणजे खिमा भरलेल्या करंज्यांची, पिशवी. क्लॅरी जेवायचा डबा न्यायला विसरे आणि बेव तो विसरणार हे विसरत नसे. टेबलाशी येऊन तिने घटकाभर ऐकलं, मीट पाय बशीत काढून बशी क्लॅरीच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली आणि म्हणाली, "अगंबाई, लायल, तू तर आमच्या क्लॅरीपेक्षासुद्धा मोठ्याने घोरतोस."



"मी घोरत नाही," लायल आणि क्लॅरी एकदम म्हणाले.

"कुणीच घोरत नसतं," बेव म्हणाली. तिने पर्समधून फोन काढला आणि क्लॅरीच्या नाकासमोर धरला. फोनमधून दुसरा एक आवाज निघाला, जरा बारीक, मोपेडच्या जातीचा. आणि मोपेड थांबल्यावर सरहद्दीच्या ससाण्याचा ठसठशीत, ओळखू येणारा आवाज: "डन्स्टन प्रकरण. अतिगुप्त. नवऱ्याला संशय आहे. रेकॉर्डर मोठ्या चषकात. झाकण लावायचं. कुणाला सांगू नकोस, नोलीन."

नोलीनने मनोमन थडग्याची क्षमा मागितली.

"झोपेत बोलतो हा," बेव म्हणाली. "लग्न झाल्यापासून. मागे एका मांजराचं प्रकरण होतं, त्याचा निकालही मला असाच कळला होता. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना ऐकवायला म्हणून रेकॉर्ड करत होते, तर हे निघालं."

"बेव!" क्लॅरी तांबडालाल झाला. "माझ्याच घरात, माझ्याच उशाशी, मला न विचारता? हा गुन्हा आहे!"

"कसा? तू बोलत होतास आणि मी ऐकत होते. म्हणजे मी बोलण्यात होते. आणि आपलं घर अलीकडच्या बाजूला आहे."

"पण मी झोपलेलो होतो!"

"बॉस," नोलीन म्हणाली, "नवरा झोपला तरी संसारात हजरच असतो ना?"

क्लॅरी खाली बसला. मीट पायवर बसला, पण ते त्याला नंतर कळलं.

"आणि ते तू कुणाला ऐकवलंस?" त्याने क्षीण आवाजात विचारलं.

"ग्लेनिसला. काल, सरावाच्या वेळी. तिनेच मला फोन करून सांगितलं होतं, आता रात्री काढवत नाहीत म्हणून. बाहेर गाडीत बसलीय ती. बोलावते."

*

ग्लेनिस आत आली ती हातात पर्स धरून, टपालखात्यात रांगेला उभं राहावं तशी. ठेंगणी, नेटकी बाई. तिने लायलकडे पाहिलं, रेकॉर्डरकडे पाहिलं, आणि नोलीनकडे इतकं थोडं पाहिलं की नोलीनला ते कमरेपर्यंत लागलं.

"दात कसा आहे?" तिने विचारलं.

"ग्लेनिस, मी..."

"लॅमिंग्टन खाल्लेस?"

"नाही," नोलीन म्हणाली. लायलने ते पोचवले होते, पण तिच्या घशाखाली उतरले नव्हते.

"तू मला सोडून चाललीयस," लायल मध्येच म्हणाला. ते वाक्य त्याने इतके दिवस तोंडात धरून ठेवलं होतं की आता आपोआप पडलं.

"चालले होते," ग्लेनिस म्हणाली. "बोळ ओलांडून. बाहेरच्या खोलीत, दिवाणावर. रविवारनंतर. तर काल घरी येऊन बघते, तू पलंगासकट माझ्या आधीच तिथे हजर!"

कुणी हसलं नाही. बेव हसली, पण खोकल्यासारखी.

"गोठ्यावर ती मोटर चालायची ना, लायल, तिच्यापुढे मला काही ऐकू येत नसे. इथे आल्यावर पहिल्या रात्री कळलं मी कुणाशी लग्न केलंय ते. त्या आवाजाचंही काही नाही. आवाजाची सवय होते. पण तो थांबतो. तुझा श्वासच थांबतो, आणि मी पडल्यापडल्या वाट बघते. पुन्हा सुरू होईपर्यंत मला झोप नाही. डॉक्टर म्हणाले, त्याला घेऊन या, आणि येताना आवाज रेकॉर्ड करून आणा. तुला नुसतं सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

"मी घोरत नाही," लायल म्हणाला, मग जरा थांबला आणि म्हणाला, "असं म्हणालो असतो."

"म्हणून मीही फोन लपवून रेकॉर्ड केलं. तुला न विचारता. ते काही बरं केलं नाही, मला ठाऊक आहे. म्हणून आता आरडाओरडा करत नाहीये. नाहीतर या खोलीची कौलं उडाली असती."

लायलने रेकॉर्डर उचलला, मागे घेतला, आणि ती शांतता पुन्हा ऐकली. 'चल ना. एकदा. माझ्यासाठी.' त्याने एवढ्या मोठ्या पंजाने डोळे पुसले आणि टोपी चुकून क्लॅरीची घातली.

क्लॅरी एव्हाना सावरला होता. मीट पायचा डाग विजारीवर असतानाही त्याने छाती पुढे काढली. "एक क्षण! ग्लेनिस, तू म्हणतेस तू रेकॉर्ड केलंस. कुठे? झोपायच्या खोलीत. म्हणजे न्यू साउथ वेल्समध्ये! सगळ्यांच्या संमतीवाचून! आणि आम्ही मात्र पलंग आधी क्वीन्सलँडमध्ये नेऊन, रीतसर..."

"झोपायची खोली क्वीन्सलँडमध्ये आहे," ग्लेनिस म्हणाली.

"अशक्य! घड्याळ!"

"ते घड्याळ क्लबाच्या वेळेवर लावलंय. क्लब पलीकडे, बोल्स पलीकडच्या वेळेने. सकाळी उठून वजाबाकी कोण करणार? आणि स्वयंपाकघरातलं माझ्या बहिणीसाठी. ती ब्रिस्बेनहून फोन करते. घरपट्टी भरते ना मी! न्यू साउथ वेल्स आहे ते स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली."

नोलीनने मनात पलंग उलटा ढकलून पाहिला. डोकं न्यू साउथ वेल्सला, पाय अजून क्वीन्सलँडमध्ये. म्हणजे जिथे कायद्याच्या आधाराने निदान वाद घालता आला असता, तिथून उचलून त्यांनी तो पलंग, आजोबांच्या देवदारासकट, गुन्ह्यात नेऊन ठेवला होता.

"तर मग घोरणं हे संभाषण धरायचं का, हा कायदेशीर मुद्दा..." क्लॅरीने सुरुवात केली.

"क्लॅरी," बेव म्हणाली, "तू मीट पायवर बसलायस."

ग्लेनिसने पोलिसात जायचं नाही असं ठरवलं. कुठल्या पोलिसात जायचं हे ठरवण्यातच रविवार उजाडला असता, असं ती म्हणाली. तिने रेकॉर्डर लायलच्या हातून घेतला, त्यातलं सगळं पुसलं, आणि लायलला घेऊन निघाली. दारात थांबून फक्त एवढं म्हणाली, "नोलीन, रविवारी वेळेवर ये. पलीकडच्या वेळेने."

*

रविवारी अंतिम सामना झाला. समोर मरविलंबा गावच्या दोघी बहिणी होत्या, वयाने आजीबाई आणि हाताने कसाई. ग्लेनिस झकास खेळली. नोलीनला वाकताच येत नव्हतं. पलंगापासून कमर जी धरली होती ती सुटली नव्हती. तिने उभ्याउभ्याच चेंडू सोडला की तो हिरवळीवर कुणाचं तरी घर शोधत निघाल्यासारखा शेजारच्या पट्टीत जाई. चषक मरविलंबाला गेला.

सबंध सामनाभर ग्लेनिस तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती. शेवटी बाकावर दोघी बूट बदलत बसल्या, तेव्हा तिने विचारलं, "कमर कशाने गेली?"

नोलीनने खरं सांगायचं ठरवलं होतं. "तुझा पलंग उचलताना."

ग्लेनिसने दुसऱ्या बुटाची नाडी सोडली. "माझ्याजवळ नुसतं येऊन सांगितलं असतंस तर?"

"तर क्लॅरीचं काम गेलं असतं. आणि लायल तुला विचारायला घाबरत होता, आणि मी तुला सांगायला. चुकलं माझं, ग्लेनिस."

ग्लेनिसने पर्समधून फोन काढला आणि तिच्यासमोर धरला. "हे पुन्हा म्हण. रेकॉर्ड करते. चालेल ना?"

"चालेल," नोलीन म्हणाली, आणि पुन्हा म्हणाली.

आता हिशेब. लायलला सत्य मिळालं, आणि वर डॉक्टरांनी तोंडाला बांधायला एक यंत्र दिलं. ते लावून तो वैमानिकासारखा दिसतो आणि बाळासारखा झोपतो. पहिल्या काही रात्री त्या शांततेमुळे ग्लेनिसच जागी राहिली, पण तेही जमेल. पलंग झोपायच्या खोलीत परत गेला, तो लायलने एकट्याने नेला, आणि क्लॅरी नावाला पाय धरून होता. अर्धं मेंढरू ज्याने प्रकरण सोडवलं त्याला जायचं होतं, म्हणून ते बेवला गेलं. ती ते रांधते आणि क्लॅरी जेवतो, पण झोपायला मात्र तो हल्ली ऑफिसात जातो, गुप्ततेसाठी. औषधाच्या दुकानातल्या फलकावर 'थडग्यासारखी' हा शब्द खोडून कुणीतरी 'मोपेडसारखी' असं लिहून गेलंय, आणि कुणी ते नोलीनला माहीत आहे.

राहिली फी. नोलीनने वही उघडून सगळे आकडे इकडून तिकडे केले, आणि शेवटी तिच्या ध्यानात आलं की या प्रकरणाची पुरती किंमत एकाच पक्षाने भरली होती. तिने गरम पाण्याची पिशवी कमरेखाली सरकवली. ती पिशवी ग्लेनिसची होती, आणि तिच्याबरोबर झाकलेल्या लॅमिंग्टनवर चिठ्ठी होती: 'पुढच्या वर्षी पुन्हा जोडी. पलंग नको.'